जागेवर पळवलेल्या ट्रॅक्टरची व्यवस्था

दादा बोलला आणि ती हसली. ट्रॅक्टरच्या मडगार्डला हात टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझं जे काही व्हायचं होतं ते त्या क्षणी झालं, म्हणून वय, शिक्षण, धंदा लिहायच्या आधी ते लिहिलं. कारकूनकाका म्हणतात की मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत. नसतील करत.

आता त्यांच्या पद्धतीने. मी, खाली सही करणारा, या रोपवाटिकेच्या मालकांचा धाकटा मुलगा, वय बावीस, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेला, धंदा ट्रॅक्टर चालवणे, हा लेख पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने, आमिषाने वा नशेत नव्हे, तर माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. राग आहे. परंतु राग म्हणजे वेड नव्हे, असं कारकूनकाकांनी सांगितलं. ते शेजारी राहतात आणि त्यांचा सगळा जन्म दस्तनोंदणीच्या कचेरीत गेला आहे, तेव्हा त्यांना माहीत असणार.

लेख करण्याचं कारण: मी आज बोगद्याच्या कामावर जात आहे. तिथे सुरुंग लावतात. कंत्राटदाराने सांगितलं, आपापल्या चीजवस्तूंचा कागद करून या, मागाहून घरचे आमच्या दारात भांडायला नकोत. माझ्या घरी भांडायला माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही, हे त्याला कसं सांगणार?

कलम पहिले. माझी खोली, म्हणजे पॅकिंगच्या शेडवरची. ती माझी कधी नव्हतीच, त्यामुळे देण्याचा प्रश्न येत नाही. दादाच्या लग्नानंतर तिथे त्याच्या फायली जाणार हे ठरलं आहे. काल आई मोजपट्टी घेऊन वर आली. मी गादीवर पडलो होतो. मला म्हणाली, "जरा पाय वर घे." भिंत मोजली आणि खाली गेली. माझ्या जाण्याबद्दल आई जे बोलली ते एवढंच.

कलम दुसरे. कॉलेजची पुस्तकं दादाला. दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंतचीच आहेत. पुढचं त्याने स्वतः शिकून घ्यावं, त्याला सगळं येतंच. कॉलेज का सोडलं ते एकदाचं लिहून टाकतो, कारण घरात त्याच्या सात गोष्टी फिरतात. शिक्षकांनी भर वर्गात माझी वही उंच धरून विचारलं, "हे अक्षर आहे की मुंग्या चिरडल्यात?" मी बाक ढकलला आणि बाहेर आलो. परत जायची लाज वाटली म्हणून गेलो नाही. बस, यात मुलगी नव्हती, मारामारी नव्हती. मुलगी पुढे आहे.

कलम तिसरे. ट्रॅक्टर. हे कलम लांबेल.

आत्या गेली तेव्हा माझ्या शिक्षणासाठी काही ठेवून गेली. त्यातून मी हा छोटा ट्रॅक्टर घेतला, माझ्या नावावर. "आत्याने डिग्री मागितली, ह्याने डिझेल आणलं," हे दादाचं वाक्य घरातल्या भांड्यांनाही पाठ आहे. पण बाबा तोवर रोपांचे ट्रे पाठीवर घेऊन चढ चढत होते आणि त्यांचा गुडघा गेला होता, हे दादाला ऑफिसच्या खिडकीतून दिसत नव्हतं. मोठा ट्रॅक्टर आमच्या वाफ्यांमधून जात नाही. हा जातो. सावलीच्या जाळीखालूनसुद्धा जातो.

शोरूममधून ट्रॅक्टर आला त्या सकाळी त्याच्याबरोबर ती आली. नवीन मालकाला मशीन शिकवून ताब्यात देणं हे तिचं काम. अंगात तेलाचे डाग पडलेला कोट, कानामागे पेन्सिल. मला म्हणाली, "सही नंतर. आधी खाली वाका." आणि मला ट्रॅक्टरखाली घेऊन गेली. तेलाची पट्टी कशी पुसून परत घालून बघायची, रेडिएटरच्या जाळीत पालापाचोळा अडकला की इंजिन कसं तापतं, ग्रीस कुठे कुठे भरायचं, सगळं दाखवलं. चाकांचे नट पहिल्या दिवसाचं काम संपलं की पुन्हा आवळायचे, म्हणाली, कारण नवीन चाक बसता बसता सैल होतं. मग म्हणाली, "पहिले पन्नास तास महत्त्वाचे. फार दामटायचं नाही आणि फार लाडही करायचे नाहीत. थोडं काम, थोडा वेग, पुन्हा थोडं काम. आणि नवीन इंजिन जागेवर गुरगुरत ठेवायचं नाही, समजलं?"

मी समजलं म्हणालो. मी तिचं मनगट बघत होतो.

आता त्या शोरूमची पद्धत अशी आहे की मीटरवर पन्नास तास भरले की पहिलं तेल बदलायला, ज्याने मशीन ताब्यात दिलं तोच माणूस घरी येतो. म्हणजे ती. तोवर मी निमित्तं काढून शोरूमला जात होतो. आज ग्रीसचा डबा, उद्या फिल्टर, परवा "हा नट असाच असतो का?" पण माणूस किती नट नेणार? आणि आमच्याकडे ट्रॅक्टरचं काम तुकड्यातुकड्यांचं. चार ट्रे इकडे, दोन पोती खत तिकडे. मीटर मुंगीच्या पावलांनी सरकायचा. मग माझ्या लक्षात आलं की मीटरला ट्रॅक्टर चालतोय की उभा आहे याच्याशी घेणंदेणं नाही. इंजिन चालू असलं की आकडा पुढे.

शेडमागे ट्रॅक्टर उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि सीटवर बसून राहायचं, हे मी रोज संध्याकाळी केलं. बाबा विचारायचे, "इतका वेळ कुठे होतास?" मी सांगायचो, "मशीनकडे बघत होतो." खोटं नव्हतं ते. मी मीटरकडे बघत होतो. इतका सुखी मी नंतर कधी झालो नाही, आणि त्याला साक्षीदार कोणी नाही.

पन्नास भरले. ती आली. तिने इंजिन सुरू केलं, मागे उभी राहिली आणि विचारलं, "निळा धूर कधीपासून?"

"कसला धूर?"

"हा. जो तुमच्या तोंडासमोर आहे तो."

तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बघितली. "तेल खातंय. आतल्या पिस्टनच्या रिंगा बसल्याच नाहीत. याला कधी काम दिलंय की नुसतं उभं ठेवून चालवलंय?"

"काम खूप असतं आमच्याकडे," मी म्हणालो.

तेव्हा दादा ऑफिसच्या दारात कप घेऊन उभा होता. म्हणाला, "मॅडम, तो जागेवरच पळवतो. रोज, शेडमागे. कॉलेजही असंच केलं त्याने. इंजिन चालू, गाडी जागेवर."

मग ती हसली. ते वर लिहिलं आहे.

दादा तेवढ्यावर थांबला असता तर मी हा कागद लिहिला नसता. पण हशा मिळाला की दादा थांबत नाही. म्हणाला, "आणि वाट कोणाची बघत होता तेही विचारा." तिचं हसणं बंद झालं. तिने माझ्याकडे बघितलं, मग मीटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यात कीव होती. मग कोटाला हात पुसत म्हणाली, "हे वॉरंटीत बसणार नाही. चूक मालकाची आहे."

दादा वॉरंटीसाठी भांडायला म्हणून शोरूमला गेला. एकदा गेला, दोनदा गेला. वॉरंटी मिळाली नाही, पण तो शीळ घालत परत आला. पुढे ती त्याला ट्रॅक्टर शिकवायला आमच्याकडे येऊ लागली. माझा ट्रॅक्टर. मला सीटवरून उतरून बाजूला उभं राहायला सांगितलं जायचं, म्हणजे दादाला आरसा नीट दिसेल. मग लग्न ठरलं. मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं ना?" ती ट्रेमध्ये माती भरत होती. म्हणाली, "माहीत होतं. दोघांत तिला शोभेल असा एकच आहे, आणि तो कोण हे तुलाही कळतं. चिडू नकोस, तो डबा इकडे दे."

मी डबा दिला.

कलम चौथे. हत्यारं. ग्रीसगन आईला. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतात तिथे दोन्हीकडे ग्रीस पोचायला लागतं. आयुष्यभर तिने एकाच बाजूला भरलं, आता दुसरी बाजू करकर करते म्हणून तक्रार करू नये. पान्यांचा संच समोरच्या वेल्डरला. नट आवळायचा तो खास पाना, जो ठरलेल्या जोरावर पोचला की 'टक्' आवाज करतो आणि थांब म्हणतो, तोही त्यालाच. वेल्डर इथे साक्षीला बसला आहे. त्याने हे ऐकून सांगितलं, "तुझ्या डोक्याला असा एक पाना हवा होता रे भडकू. टक् झालं की थांबला असतास." कारकूनकाका म्हणाले की साक्षीदाराला काही देता येत नाही, दिलेलं निष्फळ होतं. तर पाने वेल्डरच्या मुलीला. ती शाळेत आहे, साक्षीदार नाही. वेल्डर म्हणाला, "म्हणजे मलाच." कारकूनकाकांनी न ऐकल्यासारखं केलं.

कलम पाचवे. ट्रॅक्टर कोणाला. कोणालाही नाही. दादा मला गेले पंधरा दिवस सांगतो आहे की जाण्याआधी ट्रॅक्टर त्याच्या नावावर करून जा, घरातली वस्तू घरात राहील. ती माझी वस्तू आहे आणि घरात राहणार नाही. मी जिवंत असेपर्यंत त्याची किल्ली माझ्या खिशात राहील आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहील. बॅटरी उतरू दे, टाकीत पाणी धरू दे, उंदीर वायरी खाऊ देत. मी मेलो की वेल्डरने गॅसकटरने त्याचे तुकडे करावेत आणि भंगारात द्यावेत. दादाने ते बघायला हजर राहावं.

वेल्डर म्हणाला, "मी नाही कापणार. नवीन आहे तो."

"तुला विचारलंय का?"

"कापणारा मी आहे, तर मलाच विचारशील की!"

हे चाललं असताना बाबा आत आले. वाफ्यावरून आले होते, हातात दोन ट्रे होते. ते टेबलावर ठेवून माझ्यासमोरच्या पेटीवर बसले, दुखरा पाय पुढे पसरला आणि म्हणाले, "वाच." मी पाचवं कलम वाचलं. ते म्हणाले, "मेल्यावरचं लिहितोस. उद्या सकाळचं लिही. रोपं कोण नेणार?"

"दादाला सांगा."

"मग त्याला किल्ली दे."

"नाही."

बाबा भांडले नाहीत. ते माझ्यासाठीही कधी भांडले नाहीत, तेव्हा स्वतःसाठी काय भांडणार? म्हणाले, "बरं. मग ते कलम माझ्या पाठीवर लिही. कागद कशाला वाया घालवतोस?"

मी त्यांना म्हणालो की लग्न ठरलं त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असता तर आज ट्रॅक्टर घेऊन बसला असता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. बोललेलं विसरलं जातं. ते गुडघा चोळत बसले. मी पेन खाली ठेवलं नाही.

कलम सहावे लिहिण्याआधी दादा आणि ती आले. आईने पाठवलं असणार. कारकूनकाकांनी विचारलं की या कागदात हिचा उल्लेख 'ती' असा आहे, मृत्युपत्रात नातं स्पष्ट हवं, हिला काय लिहायचं? सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. तर लिहितो: ती, म्हणजे माझी होणारी वहिनी. झालं स्पष्ट.

तिने पाचवं कलम उभ्या उभ्या वाचलं. पूर्वी मला 'तुम्ही' म्हणायची. लग्न ठरल्यापासून 'तू' म्हणते, दिराला म्हणतात तसं. म्हणाली, "किल्ली हवी तर घेऊन जा. या मॉडेलच्या सगळ्या किल्ल्या सारख्याच असतात. आमच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये मूठभर पडल्यात."

मी म्हणालो, "खोटं."

"ह्यांच्याकडे एक आहेच की."

दादाने खिशातून काढून दाखवली. वर शोरूमचा टॅग लटकत होता. म्हणाला, "तुला राग येईल म्हणून बोललो नव्हतो. रोज सकाळी तू उठायच्या आत एक फेरी मारतो मी. हात बसायला हवा ना?"

बाबांना माहीत होतं. ते जमिनीकडे बघत होते त्यावरून कळलं. मघाशी ते किल्ली मागत होते ती ट्रॅक्टर चालावा म्हणून नव्हती. मी दिली असं व्हावं म्हणून होती. हे मला तेव्हा कळलं आणि त्यामुळे मला त्यांचा जास्तच राग आला.

मी कागद फाडायला घेतला. कारकूनकाकांनी माझा हात धरला. "फाडू नका, खोडू नका. खालच्या कलमाने वरचं रद्द होतं. तशीच रीत आहे. लिहा."

कलम सहावे. पाचवं कलम रद्द. सदर ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीसह, मी आजपासून वापरायला आणि माझ्यानंतर मालकीने, माझ्या थोरल्या भावाला देतो. 'त्याने घेतला' असं लिहिण्यापेक्षा 'मी देतो' असं लिहिलेलं बरं दिसतं, एवढ्यासाठीच देतो. यात प्रेम वगैरे कोणी शोधू नये.

कलम सातवे. माझ्या होणाऱ्या वहिनीस मी निळा धूर देतो. मी जागेवर बसून ज्या रिंगा बिघडवल्या त्या आता बसायच्या नाहीत. दर सकाळी तिचा नवरा ट्रॅक्टर सुरू करील, आधी निळा धूर येईल, आणि तो कोणाची वाट बघून झाला हे तिला दारात उभं राहून आठवावं लागेल. तो धूर माझा आहे. तो तिने आयुष्यभर बघावा.

कारकूनकाका हे मोठ्याने वाचू लागले. मी नको म्हणालो, पण मजकूर सगळ्यांना ऐकवावा लागतो, असं म्हणून त्यांनी वाचलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "सिलिंडर घासून नव्या रिंगा टाकल्या की जातो धूर. पुढच्या आठवड्यात आमचा माणूस येणार आहे. लग्नाच्या आत होऊन जाईल." मला चिडवण्यासाठी ती हे बोलली नाही. मशीनबद्दल कोणी चुकीचं बोललं की ती दुरुस्त करते, तसं केलं. मी त्या मनगटाकडे बघितलं. त्यावर तेलाचा डाग होता आणि तिने तो पुसला नाही.

कारकूनकाकांनी विचारलं, सातवं ठेवायचं की काढायचं? राहू द्या, म्हणालो. निष्फळ असलं तरी माझं आहे.

कलम आठवे, आणि हे शेवटचं. हे मी लिहिणार नव्हतो. दादा चालवत असताना मी ते तीन वेळा पाहिलं, आणि दात आवळून गप्प राहिलो, कारण गप्प राहण्यात मला मजा वाटत होती. सावलीच्या जाळीखालून जाताना सीटमागची लोखंडी कमान आडवी करावी लागते, नाहीतर जाळी फाटते. दादा आडवी करतो आणि मग चढावर आला तरी तशीच ठेवतो. चढावर ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवते ती फक्त ही कमान. दादा, जाळीबाहेर आलास की खाली उतर, कमान उभी कर, दोन्ही खिट्ट्या घाल आणि सीटचा पट्टा लाव. कमान आडवी असताना पट्टा लावू नकोस, उलटताना ट्रॅक्टरखाली बांधला जाशील. आळस करू नकोस. तू मेलास तर मला वाईट वाटणार नाही. पण तिला तुझ्यासाठी रडताना मला बघायचं नाही. माझ्यासाठी ती रडलेली नाही, तुझ्यासाठी का रडावं?

याखेरीज माझं कोणाकडे काही येणं नाही, कोणाला काही देणं नाही. मी न परतल्यास मला शोधायला कोणी येऊ नये. परतल्यास कोणी आश्चर्य वाटल्याचं नाटक करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

ठिकाण: रोपवाटिकेतील पॅकिंगची शेड, मातीच्या टेबलाशी.
दिनांक: कारकूनकाकांनी शिक्क्याने उमटवला आहे तो.

लिहून ठेवणार: धाकटा मुलगा (सही)

साक्षीदार पहिला: समोरचा वेल्डर (सही, काळ्या अंगठ्यासह)
साक्षीदार दुसरा: शेजारचे निवृत्त कारकून (सही)

साक्षीदार दुसरा याची नोंद. लिहून ठेवणाऱ्याने आम्हा दोघांच्या समक्ष सही केली, आणि आम्ही त्याच्या समक्ष. समक्ष जे घडलं ते नोंदवणं ही माझी जुनी खोड आहे, म्हणून पुढील चार ओळी.

सही होताच थोरल्या मुलाने कागद मागून घेतला. पहिली पानं चाळली, सहावं कलम दोनदा वाचलं, आठव्यापाशी आल्यावर "हं, ते कमानीचं बघतो," म्हणाला आणि कागद परत देताना धाकट्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "चला, एक गोष्ट तरी पूर्ण केलीस." त्याच्या होणाऱ्या पत्नीने तेवढ्यात आठवं कलम पुन्हा काढून त्याच्यापुढे धरलं आणि कडक आवाजात सांगितलं, "बघतो नाही. मोठ्याने वाचा." तो वाचू लागला. वाचणं चालू असतानाच लिहून ठेवणाऱ्याने पिशवी उचलली. वेल्डर "अरे भडकू, थांब" म्हणाला. तो थांबला नाही. टेबल आणि पेटी यांमधली जागा अरुंद आहे, त्याला जाता यावं म्हणून त्याच्या वडिलांनी पुढे पसरलेला पाय आत ओढून घेतला. तो बाहेर गेला आणि त्याने मागे दार लावून घेतलं.